आधी आवाज, मग बॉनेट

यासीनभाई, तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले होते. साधं, एका वाक्याचं खोटं. ते तुम्हाला सांगून टाकायचं दोन वर्षं मनात होतं, आणि दर वेळी काहीतरी आडवं आलं. कधी दुसरं गिऱ्हाईक, कधी चहा, बऱ्याचदा माझाच ताठा. आता तुम्ही गेलात, तुमचा चाळिसावाही झाला, म्हणून लिहायला बसले. पण एकदम तिथं येत नाही. गॅरेजात येऊन कुणी लगेच बॉनेट उघडायला गेलं की तुम्ही त्याचा हात धरायचात आणि म्हणायचात, "आधी आवाज, मग बॉनेट." तसंच करते.

नऊ वर्षांपूर्वी मी ही पांढरी गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती. इस्लामपुरात माझं पार्लर, आणि लग्नसराईत नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरी पार तासगाव, विटा, सांगलीपर्यंत. मेकअपची पेटी, गजरे, दागिन्यांचे डबे, आणि कितीदा तरी सजवलेली नवरी, हे सगळं एसटीनं कसं न्यायचं? घरात कुणाला गाडी पटली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाला गाडी कशाला लागती गं?" आमचे हे काही बोलले नाहीत, पण पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा किल्ली त्यांच्याच हातात होती.

आष्टा रस्त्याला चिंचेखालचं तुमचं गॅरेज. पाटी नाही, दोन लोखंडी खुर्च्या आणि एक पाण्याचा माठ. ह्यांनी सुरुवात केली, क्लचमधून आवाज येतोय, गाडी जुनी आहे, बहुतेक सगळंच बदलावं लागेल वगैरे. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "चालवतंय कोण?"

"ही चालवते."

"मग साहेब, तुमी हितं खुर्चीवर बसा. ताई, आवाज काढून दावा."

मला कळेचना. म्हटलं, आवाज म्हणजे?

"गाडी कसा आवाज करतीया तसा तोंडानं काढायचा."

मी वाईची. लहानपणापासून चारचौघांत मोठ्यानं हसायचं नाही अशा घरात वाढलेली. आणि तुमच्या त्या अंगणात एक ट्रॅक्टरवाला, एक दूधवाला आणि माझा नवरा बसलेला. तरी काढला. "किर्रर्र" असं काहीतरी. ट्रॅक्टरवाला हसला, तुम्ही हसला नाहीत. "किर्र का घर्र? पाय दाबल्यावर का सोडल्यावर? दाबताना का दाबून धरल्यावर?" मला एकाचंही उत्तर येईना आणि मला माझाच राग आला. रोज चालवते आणि मला हे ठाऊक नाही?

मग तुम्ही चपला काढून बाहेर ठेवल्यात आणि शेजारच्या सीटवर येऊन बसलात. गाडीत बसताना तुम्ही कायम चपला काढायचात. लोक चेष्टा करायचे, देवळात चाललाय काय म्हणून. डोळे मिटलेत आणि म्हणालात, "दाबा. सोडा. परत दाबा. सावकाश." पाचव्या वेळेला डोळे उघडलेत, खाली वाकलात, पेडलच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडलेत. आवाज बंद. "पेडल वाळलं हुतं. क्लच झ्याक हाय तुमचा," असं म्हणून तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. ह्यांच्या नाही, माझ्या. तुमच्या लक्षातसुद्धा राहिलं नसेल ते. मला मात्र राहिलं. घरी येताना हे मुकाट्यानं डावीकडच्या दारानं बसले.

त्यानंतर तुमच्याकडून मी जे शिकले त्याला शाळा म्हणावं तर तुम्ही कधी शिकवलं नाहीत, नुसते विचारत राहिलात. एसी गार लागत नाही म्हणून आले तर विचारायचात, बटन दाबल्यावर इंजिनात "टक" होतं का? टक झालं म्हणजे कॉम्प्रेसर लागतोय, गॅस आहे. टक नाही झालं तर गॅस गेलाय नाहीतर वायर. चालताना गार आणि उभी राहिली की गरम, असं असलं तर पुढचा पंखा बघायचा. वारंच कमी येतंय, पण जेवढं येतंय ते गार येतंय, तर आत कुठं तरी अडलंय. तुम्ही हे सगळं असं विचारायचात की उत्तर देता देता मलाच कळून जायचं काय बिघडलंय.

आणि त्या वारं कमी येण्याच्या भानगडीत तुम्ही माझी जी उतरवलीत ती मी जन्मात विसरणार नाही. दुसरा की तिसरा उन्हाळा. एसीतून नुसती फुंकर येत होती. तुम्ही डॅशबोर्डाखालून ती गार करणारी जाळी, कॉइल, काढलीत आणि दोन बोटांत धरून माझ्यापुढे आणलीत. धूळ असेल म्हणून बघायला गेले तर सगळी चिकट, वर सोनेरी चमकी.

"ताई, हे काय हाय?"

नवरीला मांडवापर्यंत नेताना काचा बंद करून, एसी लावून मी गाडीतच शेवटचा हात फिरवायची. पावडर, चमकी, आणि केस बसावेत म्हणून भरपूर स्प्रे. तो सगळा एसीनं ओढून घेतला होता.

"नवरीबरुबर कॉइलचाबी मेकअप केलाय तुमी," तुम्ही म्हणालात. "लय देखणी दिसाय लागलीया. आता नवरा हुडका हिला." त्या दिवशी तुम्ही स्वतःच इतके हसलात की खांद्यावरचं निळं फडकं खाली पडलं. कॉइल साबणाच्या पाण्यानं धुतलीत, पाइप परत जोडलेत, गॅस भरलात. स्प्रे मारताना काच उघडायची, हे तेव्हापासून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. का, ते सांगत नाही.

आवळलेल्या नटावर तुम्ही पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचात. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या भागावर. मला वाटायचं काम झाल्याची खूण असेल. मग एकदा पंक्चर काढून आलेली गाडी तुम्ही लांबूनच बघितलीत आणि म्हणालात, ह्या चाकाचे नट नीट आवळले नाहीत. कसं कळलं? म्हणालात, "रेघ मोडलीया. नट जागचा हलला की दोन तुकडं एका ओळीत येत न्हाईत. मग कुणाला काय इचारायची गरज न्हाई." मी त्याचं फार कौतुक केलं. पुढं तुमची पिवळ्या रंगाची डबी वाळली तेव्हा मी पार्लरमधली राणी रंगाची नेलपॉलिश आणून दिली. तो रंग इतका भडक होता की एकही नवरी लावून घेईना, आख्खा बॉक्स पडून होता. तुम्ही बाटली शर्टाच्या खिशात ठेवायला लागलात. लोकांनी तुम्हाला काय काय ऐकवलं असेल ते मला माहीत आहे. तुम्ही एवढंच म्हणायचात, "पिवळ्यापरास घट्ट बसतीया."

वाईची गोष्ट तर तुम्ही सगळ्यांना सांगायचात, पण तुम्हाला त्यातला फोनचा भागच ठाऊक. इकडं काय चाललं होतं ते ऐका. आईला भेटून निघाले आणि गणपती घाटाजवळ येईपर्यंत क्लच दाबला की घरघर सुरू. गाडी बाजूला घेतली आणि तुम्हाला फोन लावला. सवयीनं तुम्ही म्हणालात, आवाज काढा. दुपारचे बारा, घाटावर माणसं, आणि माझ्या आईला ओळखणारे दोन भटजी समोरून येत होते. मी फोन तोंडापाशी धरून "घर्रर्र" केलं. भटजी थांबले. एक म्हणाले, "बरी आहेस ना गं?" मी मान हलवली आणि पुन्हा घर्र केलं, कारण तुम्ही तिकडून म्हणत होतात, "ऐकू न्हाई आलं, जरा मोठ्यानं."

मग म्हणालात, फोन बॉनेटवर ठेवा, स्पीकर लावा, आणि आत बसून पाय दाबा, सोडा. मी दाबत होते, सोडत होते, आणि बॉनेटवरनं तुमचा आवाज सगळ्या घाटाला ऐकू जात होता. "दाबल्यावर येतोय, सोडल्यावर गप हाय. क्लचचं बेअरिंग गेलंय, ताई. उलटं असतं तर गिअरबॉक्स म्हणालो असतो. भिऊ नका, घरापातुर येतंय. क्लच लागंल तवाच दाबा. गाणी लावू नका, ऐकत या." सातारा, कराड, पेठ नाका, मी एकटी, गाणी न लावता, ऐकत आले. वाटेत आवाज बदलला की जीव धसकायचा, पण एखाद्या आजारी माणसाजवळ बसल्यासारखी मी त्या गाडीजवळ होते. गॅरेजात पोचले तेव्हा तुम्ही गाडीखाली घालायची सतरंजी अंथरूनच उभे होतात. म्हणालात, "आलीसा? आता चहा घ्या, आवाज मी ऐकतो." रस्ताभर दाटलेलं रडू मला तिथं आलं. तुम्ही माठाकडे तोंड करून उभे राहिलात आणि मला रडू दिलंत.

आता भांडणाकडे यायला हवं.

ते बेअरिंग बदलून दोन वर्षंही झाली नव्हती आणि पुन्हा तोच आवाज. तोच, दाबल्यावरचा. मी तणतणतच आले. त्या दिवशी तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत, लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बघितलं नाहीत. चपला काढून शेजारी बसलात आणि म्हणालात, चला आष्ट्यापर्यंत. रस्ता सरळ, गाडी चौथ्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूला ऊस. तुम्ही डोळे मिटले नव्हते. तुम्ही खाली बघत होतात.

"ताई, पाय."

"काय पाय?"

"डावा पाय क्लचवर हाय तुमचा. दाबत न्हाई, नुसता ठेवलाय. पर तेवढ्या वजनानं बेअरिंग फिरत ऱ्हातंय. मग ते झिजतंय." आणि मग हळूच, "नवरी बसलेली असती म्हणून तुमी पाय तयार ठेवता. झटका बसू न्हाई, काजळ फिसकटू न्हाई. ठावं हाय मला. पर आता गाडीत नवरी न्हाई, तरी पाय तितंच हाय."

यासीनभाई, तुम्ही अगदी बरोबर होतात. जगात दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. मलासुद्धा ठाऊक नव्हतं की मी तसं करते. पण त्या क्षणी मला तुमचं पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. मला ऐकू आलं ते इतकंच, की बाईला गाडी चालवता येत नाही. सासूबाई म्हणायच्या, दीर म्हणायचे, पेट्रोल भरणारा डोळे बारीक करून म्हणायचा, आणि आता तुम्हीही. ज्या माणसानं किल्ली माझ्या हातात दिली होती तो. डोकं असं फिरलं की मी म्हणाले, "पायाचं काही नाही. तुम्हीच हलका माल टाकला असेल."

तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात. कामात खोट काढलेली तुम्ही हसून सोडायचात, पण मालाबद्दल तुम्हाला कुणी कधी बोललं नव्हतं. गॅरेजात आल्यावर तुम्ही चपला घातल्यात, म्हणालात, "बेअरिंग बदलून देतो. चहा घ्या." मी चहा घेतला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाडी मिळाल्यावर सरळ घरी गेले आणि मग दोन महिने तुमच्या चिंचेखाली फिरकले नाही.

आणि ते दोन महिने कुठले, तर ऐन लग्नसराईचे. एसी पुन्हा कमी गार करायला लागला. तुमच्याकडे यायला पाय उचलेना. जाऊबाईंनी सांगितलं, सांगलीत एक मोठं वर्कशॉप आहे, काचेची खोली, बसायला सोफा, कॉफी देतात. गेले. तिथं कुणी मला आवाज विचारला नाही. एका मुलीनं मशीन लावलं, एका माणसानं पाइपाचा जोड आवळला, गॅस भरला, तासाभरात गाडी हातात. गारेगार. सोफ्यावर बसून कॉफी पिताना मला वाटलं, कशाला मी इतकी वर्षं लोखंडी खुर्चीवर बसले?

तीन आठवड्यांत सगळा गॅस गेला. दुसऱ्या दिवशी सांगलीचं लग्न होतं, नवरी सकाळी सात वाजता माझ्या गाडीत बसणार होती. मग मात्र ताठा गुंडाळून ठेवला आणि तुमच्याकडे आले. तुम्ही काहीही विचारलं नाहीत. इतके दिवस कुठं होता, नाही. त्या दिवशी तसं का बोललात, नाही. "बटन दाबा," म्हणालात. टक झालं नाही. बॉनेट उघडून तुम्ही साबणाचा फेस करून पाइपाच्या जोडांवर लावत गेलात. एका जोडावर बारीक बुडबुडा फुगला.

वाकूनच तुम्ही विचारलंत, "ह्याला कुणी हात लावला हुता का, ताई?"

"छे," मी म्हणाले. "कोण लावणार? तुमच्याशिवाय कुणाकडे जाते मी?"

हेच ते खोटं. बघा, लिहितानासुद्धा किती सोपं आहे. एका वाक्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं, पण वर मी गोड बोलले. रेघेचं मला माहीत होतं. पण माझ्या लेखी रेघा चाकाच्या नटांवर. एसीच्या पाइपावर, आत, काळोखात रेघ असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुम्ही म्हणालात, "बरं."

एवढंच. मग आत काय करत होतात ते मी बघितलं नाही, फोनमध्ये डोकं घालून बसले होते. जोडातली रबरी चकती चिरडली होती म्हणालात, ती बदललीत, गॅस भरलात. निघताना मला चहा दिलात आणि मी तो घेतला. तुम्हाला वाटलं असेल समेट झाला. मलाही तेच वाटत होतं, फक्त माझ्या चहात ते खोटं होतं.

त्यानंतर दोन वर्षं आपलं पहिल्यासारखं चाललं. ईदला तुमच्याकडचा शिरखुर्मा, दिवाळीला माझ्याकडची चकली. मी किर्र करायची, तुम्ही घर्र करायचात. हलक्या मालाबद्दल मी कधी माफी मागितली नाही आणि सांगलीचं कधी सांगितलं नाही. दर वेळी निघताना ठरवायची, पुढच्या खेपेला. शेवटच्या खेपेलासुद्धा तेच ठरवलं. तेव्हा तुम्ही मला फ्यूजच्या डब्यातले दोन सारखे काळे ठोकळे दाखवलेत. एक एसीच्या पंख्याचा रिले, एक हॉर्नचा. "वाटंत पंखा गेला तर हॉर्नचा काढून हितं लावायचा. हॉर्न नसला तरी गाडी जाती. नवरीला घाम फुटला तर तुमचा धंदा जातोय." तुमच्या कपाळावर त्या दिवशी जरा जास्तच घाम होता. मी म्हटलंही, डॉक्टरला दाखवा. तुम्ही म्हणालात, "चिंचंखाली गरम हुतंय." दुसऱ्याच्या गाडीचा इतका बारीक आवाज ऐकणारा माणूस, आणि स्वतःच्या छातीचं मात्र गरम होतंय म्हणून सोडून दिलंत. ह्यावर मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे, आणि हे भांडण मी सोडणार नाही.

चाळिसाव्याला आले तेव्हा अंगणात तीच दोन खुर्च्यांची जागा, आणि माणसं मावत नव्हती. माझ्या शेजारी जतकडचा संभा बसला होता, मेंढरांचा टेम्पो चालवणारा. डोळे पुसत म्हणाला, "बारा वरसं मला एकच म्हणायचा हो. संभा, पाय काढ रं. क्लचवरनं पाय काढ. मागं मेंढरं असत्यात म्हणून मी आपला दाबून." संभाला तुम्ही बारा वर्षं सांगत होतात. म्हणजे तुम्ही बाईला बोलला नव्हतात. पायाला बोलला होतात. भाभींनी जेवण वाढलं, तेव्हाही माझं लक्ष माझ्या डाव्या पायाकडे.

आणि हे परवाचं. तासगावचं लग्न. नवरी तिच्या घरून तयार करून मी गाडीत घेतली, मागं तिची मावशी. उन्हानं आंधळं व्हायची वेळ, बेदाण्याच्या शेडवरचे पत्रे डोळ्यांत घुसत होते. चालताना गार होतं. गावात शिरलो, पुढं दोन ट्रॅक्टर अडकलेले, गाडी उभी राहिली आणि एसी गरम वारं फेकायला लागला. दोन मिनिटांत नवरीच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. मावशी म्हणाल्या, "एसी हाय म्हणालात न्हवं? का नुसतं वारं?" मुहूर्ताला चाळीस मिनिटं.

माझा हात फोनकडे गेला. तुमचं नाव अजून सगळ्यात वर आहे. मी ते बघितलं आणि फोन परत ठेवला.

मग मी स्वतःशीच म्हटलं, आधी आवाज. बटन बंद केलं, दाबलं. टक झालं. म्हणजे गॅस आहे. चालताना गार, उभी राहिली की गरम. म्हणजे पंखा. मी मावशींना म्हटलं, नवरीला वारा घाला, कागदानं घाला, रुमाल लावू नका. साडीचा पदर खोचला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, कुणीही शेजारी नसताना, स्वतः बॉनेट उघडलं. पंखा ढिम्म उभा. इंजिन बंद करून फ्यूजचा डबा काढला, हॉर्नचा ठोकळा उपटला, पंख्याच्या जागी दाबला. बोटांना नवरीच्या चमकीचे कण लागलेले. पुन्हा इंजिन सुरू केलं, एसी लावला आणि आत पंखा घुमला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

बॉनेट मिटायला वाकले, आणि तेव्हा दिसलं.

एसीच्या पाइपाचा तो जोड. त्याच्यावर पिवळी रेघ, जुनी, काळवंडलेली. तिचा नटावरचा तुकडा एकीकडे आणि पाइपावरचा दुसरीकडे. मोडलेली. आणि तिच्याच शेजारी, बोटभर अंतरावर, नवी रेघ. राणी रंगाची. नटावरून पाइपावर सरळ आलेली, एका ओळीत.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. फेस लावायच्या आधी, मला विचारायच्याही आधी. मोडलेली रेघ तुमच्या डोळ्यांसमोर होती आणि तरी तुम्ही विचारलंत, मला सांगायची एक संधी म्हणून. मी ती घेतली नाही. तुम्ही "बरं" म्हणालात, चकती बदललीत, माझीच नेलपॉलिश खिशातून काढून नवी रेघ ओढलीत, आणि चहा घ्या म्हणालात. जुनी रेघ फडक्यानं पुसून टाकता आली असती. ती तुम्ही पुसली नाहीत. माझ्या खोट्यावर पांघरूणही घातलं नाहीत आणि ते मला दाखवलंही नाहीत. पुढं कधी मी स्वतः बॉनेट उघडीन तेव्हा मला दिसेल इतकीच सोय करून ठेवलीत. दोन वर्षं मी जे सांगायला घाबरत होते ते सांगून झालं होतं, त्याला माफीही मिळाली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

मावशींनी काच खाली केली. "ताई, गार याय लागलं. चला की." मी डोळे हाताच्या मागच्या बाजूनं पुसले, माझं काजळ फिसकटलं, नवरीचं नाही.

हॉर्न नसलेली गाडी वरातीच्या गर्दीतून मांडवापर्यंत कशी नेली ते विचारू नका. मावशी खिडकीतून हात बाहेर काढून "बाजूला व्हा" म्हणत होत्या. मुहूर्ताला बारा मिनिटं शिल्लक असताना नवरी उतरली, कोरडी.

परत येताना सांगली ओलांडली, संध्याकाळ झाली होती, आष्टा मागं पडलं आणि तो सरळ रस्ता लागला. एकटीच होते. गाणी लावली नव्हती. चौथा गिअर पडला आणि खालून, अगदी बारीक, तो ओळखीचा आवाज सुरू झाला. मी खाली बघितलं. डावा पाय क्लचवर होता, नुसता ठेवलेला, तयार.

गाडीत नवरी नव्हती. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

मी पाय उचलून खाली ठेवला. आवाज थांबला.

"बरं," म्हटलं.